निकालाआधीचा हिशोब

समस्त स्तुती अल्लाहसाठीच, ज्याने मानवाच्या हाती लेखणी दिली आणि अज्ञानाच्या अंधारातून त्याला ज्ञानाचा मार्ग दाखविला. दरूद व सलाम असोत अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना अखिल मानवजातीचे शिक्षक म्हणून पाठविण्यात आले.

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील साप्ताहिक कुरआन प्रवचन संपल्यावर एक तरुण मागे थांबला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा, नमाजचा पाबंद, अदबशीर मुलगा. सगळे निघून गेल्यावर तो म्हणाला, “चाचा, सात सत्रे झाली, माझा एकही विषय राहिला नाही. कधी एटीकेटी लागली नाही. अब्बांनी दरवेळी गल्लीत पेढे वाटले. पण परवा नोकरीच्या मुलाखतीत दुसऱ्या वर्षातला अगदी साधा प्रश्न विचारला आणि मी मान खाली घालून बसलो. त्या विषयात मला पंच्याहत्तर गुण आहेत! अब्बा रिक्षा चालवतात. त्यांना वाटते, मुलगा इंजिनिअर झाला. मी झालो नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. चाचा, हे खोटे बोलणे झाले का?”

मी त्याला धीर दिला, पाठीवरून हात फिरविला. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या दिवशी दिले नाही. हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हता. महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या हजारो मुला-मुलींचा तो आहे. तो विचारण्याचे धाडस फार थोडे करतात, एवढेच. आज त्याच प्रश्नाचा दिव्य कुरआन आणि प्रेषितांच्या शिकवणुकीच्या प्रकाशात विचार करू या.

वाचनाचे दोन आदेश

हिरा गुहेत प्रेषित (स.) यांच्यावर जे पहिले दिव्य प्रकटन झाले, त्याचा आरंभ वाचण्याच्या आदेशाने झाला, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. आपल्या शाळांच्या दारांवर, संमेलनांच्या फलकांवर ‘इक्रा’ हा शब्द आपण अभिमानाने लिहितो. परंतु दिव्य कुरआनात हाच शब्द आणखी एका ठिकाणी आला आहे आणि तो फलकावर लिहिण्याचे आपल्याला सुचत नाही. सूरह बनी इस्राईलच्या १४ व्या आयतीत न्यायाच्या दिवसाचे दृश्य आहे. प्रत्येक माणसापुढे त्याची कर्मपुस्तिका उघडी ठेवली जाईल आणि त्याला ती स्वतः वाचण्यास सांगितले जाईल. त्या दिवशी हिशोब घेण्यासाठी तो स्वतःच पुरेसा असेल.

पहिला ‘इक्रा’ ज्ञान मिळविण्याचा आहे, दुसरा त्या ज्ञानाचा जाब देण्याचा. या दोन आदेशांच्या मधला जो काळ आहे, तेच आपले आयुष्य. विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेली तीन, चार किंवा पाच वर्षे ही त्यातील सर्वांत मोलाची वर्षे होत. जो पहिल्या आदेशावर खूश होऊन दुसरा विसरला, त्याने अर्धाच धडा वाचला.

तिर्मिजी यांनी नोंदविलेल्या हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी स्पष्ट केले आहे की, काही गोष्टींचे उत्तर दिल्याशिवाय अंतिम न्यायाच्या दिवशी माणसाचे पाऊल जागेवरून हलणार नाही. आयुष्य कशात घालविले, तारुण्य कशात झिजविले, संपत्ती कोठून मिळविली व कशावर खर्च केली आणि जे ज्ञान होते त्याचे काय केले? मित्रांनो, या प्रश्नांकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. तारुण्य त्याचे खर्च होत आहे. संपत्ती त्याच्या आई-वडिलांची खर्च होत आहे. आणि ज्ञान? ज्याच्यासाठी हे दोन्ही खर्च होत आहे, ते खरोखर जमा होत आहे का?

हजरत उमर (रजि.) यांची प्रसिद्ध ताकीद आहे की, तुमचा हिशोब घेतला जाण्यापूर्वी तुम्ही स्वतःच स्वतःचा हिशोब घ्या. यालाच आपल्या परंपरेत ‘मुहासबा’ म्हणतात. सूरह अल-हश्रच्या १८ व्या आयतीत ईमानधारकांना आदेश आहे की, प्रत्येकाने उद्यासाठी काय पाठविले आहे ते पाहावे. आपण रोजे, नमाज, जकात यांचा हिशोब करतो. अभ्यासाचाही हिशोब करावा लागतो, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही. तो आपण विद्यापीठावर सोपवून मोकळे होतो.

पाठीवरचे ओझे

विद्यापीठ गुण देते, हे खरे. परंतु गुण कसे मिळतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. परीक्षेच्या आधीच्या रात्री ‘महत्त्वाचे प्रश्न’ पाठ करायचे, झेरॉक्सच्या दुकानातून आयत्या नोट्स आणायच्या, वरच्या वर्गातील मुलाचे जर्नल समोर ठेवून जसेच्या तसे उतरवायचे. प्रयोगशाळेत ज्या उपकरणाला हातही लावला नाही, त्याची निरीक्षणे तक्त्यात सुवाच्य अक्षरात भरायची. आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की, अख्खा निबंध क्षणात तयार होतो. त्यावर आपले नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा घालायचा.

सूरह अल-जुमुआच्या ५ व्या आयतीत ज्यांच्यावर तौरातचा भार सोपविला गेला आणि ज्यांनी तो पेलला नाही, त्यांना ग्रंथ वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. ही उपमा केवळ इतरांसाठी आहे, असे मानण्यात धोका आहे. गाढवाच्या पाठीवरचे ग्रंथ खोटे नसतात. त्यांचे वजन खरे असते, वाहण्याचे कष्टही खरे असतात. फक्त त्या ग्रंथांतील एक अक्षरही त्याच्या आत उतरलेले नसते. गुणपत्रिकांची जाडजूड फाईल काखेत घेऊन मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलांनी या उपमेपुढे क्षणभर थांबावे.

यात केवळ स्वतःचे नुकसान नाही. जो वैद्यकशास्त्र जाणत नसताना उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, असा निर्वाळा प्रेषित (स.) यांनी दिला असून अबू दाऊद यांनी ती हदीस नोंदविली आहे. जो नियम वैद्याला, तीच नैतिकता पूल बांधणाऱ्याला, औषध मोजून देणाऱ्याला, हिशोब तपासणाऱ्याला आणि वर्गात उभे राहून मुलांना शिकविणाऱ्याला लागू होते. आज जर्नलात भरलेला खोटा आकडा उद्या कोणाच्या तरी घराच्या भिंतीत, कोणाच्या तरी औषधाच्या मात्रेत उतरणार आहे. म्हणून विद्यार्थ्याचे शिकणे ही समाजाची अमानत आहे.

चोरीला गेलेल्या वह्या

इमाम अबू हामिद गजाली (रह.) यांचा जन्म १०५८ साली तूस येथे झाला. तरुणपणी ते शिक्षणासाठी जुर्जान येथे गेले आणि तेथे गुरूंनी सांगितलेले सर्व त्यांनी टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर लुटारूंनी काफिला लुटला. गजाली लुटारूंच्या मागे गेले आणि त्यांच्या म्होरक्याला विनवू लागले की, बाकी सारे ठेवा, पण माझ्या टिपणांची पिशवी तेवढी परत द्या, ती तुमच्या काही उपयोगाची नाही. त्या टिपणांत काय आहे, असे त्याने विचारले. ज्या विद्येसाठी मी प्रवास केला, ती विद्या त्यात आहे, असे गजालींनी सांगितले. तेव्हा तो लुटारू हसला. आम्ही पिशवी घेताच ज्याच्यापाशी विद्या उरली नाही, त्याने ती विद्या जाणतो असे कसे म्हणावे, असा त्याचा सवाल होता. त्याने पिशवी परत केली. पुढे गजाली सांगत असत की, अल्लाहनेच त्या लुटारूच्या तोंडून मला मार्ग दाखविला. तूसला परतल्यावर त्यांनी तीन वर्षे खपून ती सारी टिपणे आत्मसात केली, जेणेकरून पुन्हा कोणी लुटले तरी विद्या लुटली जाऊ नये.

आज आपल्या विद्यार्थ्यांची पिशवी म्हणजे त्यांचा मोबाईल. त्यात शेकडो फाईली, व्याख्यानांच्या चित्रफिती, फळ्याची छायाचित्रे साठविलेली असतात. मोबाईल हरवला तर डोक्यात काय उरेल? हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा स्वतःला विचारावा. ज्याला तो विचारायला भीती वाटते, त्याला उत्तर आधीच ठाऊक आहे.

पण गजालींचा खरा मुहासबा पुढे झाला. १०९१ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात प्राध्यापक झाले. तीनशेच्या आसपास विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी आपल्या अंतःकरणात डोकावून पाहिले. ही सारी अध्यापनाची धडपड निखळ अल्लाहसाठी नसून प्रतिष्ठा आणि लौकिक यांच्या ओढीतून होत आहे, असे त्यांना आढळून आले. सुमारे सहा महिने ते या द्वंद्वात सापडले. शेवटी जीभ अडखळू लागली, शिकविणे अशक्य झाले, अन्नही गळ्याखाली उतरेना. १०९५ साली ते पद आणि वैभव सोडून बगदादबाहेर पडले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गजालींनी ज्ञान सोडले नाही. त्यांनी हेतू तपासला. सुमारे अकरा वर्षांनी ते नैशापूर येथे पुन्हा शिकवू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच नमूद केले की, पूर्वीचे शिकविणे आणि आताचे शिकविणे एक नव्हे. पूर्वी ज्या विद्येने मान मिळतो ती ते शिकवीत, आता मानाचा मोह ज्या विद्येने सुटतो ती. मुहासबा माणसाला वर्गाबाहेर घालवीत नाही, अधिक प्रामाणिक करून वर्गात परत आणतो.

काही तरुण म्हणतात की, आमचे शिक्षण तर ऐहिक, त्याचा परलोकाशी काय संबंध? याचेही उत्तर गजालींच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात सापडते. वैद्यकशास्त्र आणि गणित यांना त्यांनी फर्ज-ए-किफाया, म्हणजे समाजातील काहींनी तरी पार पाडलेच पाहिजे असे कर्तव्य म्हटले आहे. कितीतरी गावांत मुस्लिम वैद्य नाही आणि विद्यार्थी मात्र पदाच्या आशेने एकाच शास्त्राकडे धावत आहेत, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली आहे. तेव्हा प्रयोगशाळेतील प्रामाणिक तास हासुद्धा, हेतू शुद्ध असेल तर, इबादत ठरतो.

हिशोबाच्या सहा पायऱ्या

मुहासबा नेमका कसा करावा? ‘इह्या’मध्ये गजालींनी आपल्या नफ्सला व्यापारातील भागीदाराची उपमा दिली आहे. शहाणा व्यापारी भागीदाराशी आधी करार करतो, मग त्याच्यावर नजर ठेवतो, मग हिशोब घेतो. त्यांनी सांगितलेल्या सहा पायऱ्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमात अशा उतरविता येतील.

पहिली ‘मुशारता’, म्हणजे करार. फज्रच्या नमाजनंतर स्वतःशी ठरवा की, आज मी कोणती एक गोष्ट समजून घेणार आणि कशासाठी. ‘आज अभ्यास करीन’ हा करार नव्हे. ‘आज हे एक प्रमेय कोणाच्याही मदतीशिवाय सोडवीन’ हा करार होय.

दुसरी ‘मुराकबा’, म्हणजे निगराणी. अभ्यास चालू असताना मन कोठे आहे? डोळे ओळींवर आणि बोट मोबाईलवर, अशी अवस्था तर नाही ना? अल्लाह पाहत आहे, ही जाणीव नमाजमध्ये जशी हवी तशी अभ्यासिकेतही हवी.

तिसरी ‘मुहासबा’, म्हणजे हिशोब. इशानंतर पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि दिवसभरात जे शिकलो ते न पाहता लिहा. ही कसोटी कठोर आहे, पण खरी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. ज्या विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, त्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवत होते आणि पुढेही आठवेल असा विश्वास होता. आठवड्याने मात्र, ज्यांनी वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिले होते, ते पुढे गेले. वाचताना ओळखीचे वाटणे वेगळे आणि स्वतः जाणणे वेगळे. आपल्या परंपरेला हे नवे नाही. बुखारी यांच्या संग्रहात नोंद आहे की, हजरत जिब्रील (अलै.) दर रमजानमध्ये प्रेषित (स.) यांच्याबरोबर कुरआनची उजळणी करीत आणि प्रेषितांच्या अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. ज्यांच्यावर कुरआन अवतरले त्यांनीही दरसाल उजळणी केली. मग आपण कोण?

चौथी ‘मुआकबा’, म्हणजे चुकीची भरपाई करायला लावणारी शिक्षा. शिक्षा चुकीला साजेशी असावी, जिवाला त्रास देणारी नको. निबंध उतरवला असेल तर तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा, मग शिक्षकांनी तो मागितलेला नसला तरी. प्रयोग न करता आकडे भरले असतील तर शिक्षकांपुढे जाऊन प्रयोग पुन्हा करण्याची परवानगी मागा. फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, ही प्रेषितांची (स.) कडक ताकीद धान्याच्या ढिगाबाबत दिली गेली होती. कागदाच्या ढिगालाही ती तितकीच लागू आहे.

पाचवी ‘मुजाहदा’, म्हणजे परिश्रम. जे कठीण वाटते त्याच्याकडेच पुन्हा वळणे. सोपे प्रकरण दहादा वाचण्यात समाधान असते, वाढ नसते. प्रेषितांचे सहकारी दहा आयती शिकत आणि त्यांचा अर्थ व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढे जात नसत, असे त्यांच्या शिष्यांनी सांगितले आहे.

सहावी ‘मुआतबा’, म्हणजे स्वतःची कानउघाडणी. सूरह अल-कियामाच्या १४ व १५ व्या आयतींचा आशय असा की, माणूस कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःला पुरता ओळखून असतो. प्राध्यापक नीट शिकवीत नाहीत, अभ्यासक्रम जुना आहे, माध्यम इंग्रजी आहे, वसतिगृहात गोंगाट आहे... यातील बरेच खरेही असेल. पण या सबबी बाजूला ठेवल्यावर माझ्या हाती जे होते, ते मी केले का?

‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याचे बळ

या हिशोबातून पहिल्या काही रात्री जे हाती येईल, ते बहुधा आपले अज्ञान असेल. त्याने खचून जाऊ नये. इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी नोंद आहे की, त्यांना एका बैठकीत ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी ३२ प्रश्नांना त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले. मदीनेच्या या महान इमामांना जे म्हणताना संकोच वाटला नाही, ते म्हणताना आपल्या मुलांची जीभ का अडते? सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्याचे ज्ञान नाही त्याच्यामागे न लागण्याची आज्ञा आहे आणि कान, डोळे, हृदय या सर्वांची विचारणा होईल, असा इशाराही आहे. आपल्याला काय कळले नाही, हे नेमकेपणाने कळणे हे ज्ञानाचे दार आहे.

त्याचबरोबर, मुहासबा म्हणजे निराशा नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होण्यास सूरह अज्-जुमरच्या ५३ व्या आयतीत मनाई आहे. हिशोब करणारा व्यापारी तोटा पाहून दुकान पेटवीत नाही, उद्याची खरेदी सुधारतो. ज्या मुलाला किंवा मुलीला हा हिशोब करताना सतत स्वतःचा तिरस्कार वाटू लागेल, झोप-जेवण सुटू लागेल, त्याने एकट्याने कुढत बसू नये. घरच्यांशी, विश्वासू शिक्षकांशी बोलावे, गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेही सुन्नतला धरूनच आहे.

दोन शब्द माता-पित्यांना

आदरणीय पालकहो! या प्रश्नात आपलाही वाटा आहे. मूल घरी आले की आपण विचारतो, “किती पडले?” त्यापुढे आपला प्रश्न जात नाही. एकदा “बेटा, आज काय समजले?” असे विचारून पाहा. आपण स्वतः शिकलेले नसाल, तर आणखी चांगले. मुलाला सांगा की, मला कळेल अशा भाषेत समजावून सांग. शाळेत न गेलेल्या अम्मीला जो आपला विषय समजावून सांगू शकतो, त्याला तो खरोखर समजला आहे. आणि मूल म्हणाले की मला जमत नाही, तर त्याच्यावर केलेल्या खर्चाची यादी वाचू नका. सत्य सांगण्याची किंमत घरातच जबर असेल, तर मूल बाहेर सत्य कोठून शिकणार?

त्या तरुणाला उत्तर

पुढच्या आठवड्यात तो तरुण पुन्हा आला. तेव्हा मी त्याला म्हणालो, “बेटा, उत्तीर्ण होणे हे खोटे नाही. तुझी गुणपत्रिका अपुरे सांगते, एवढेच. पण उणीव कळल्यावरही ती लपवून ठेवशील आणि भरून काढणार नाहीस, तर त्या दिवसापासून ते खोटे होईल.” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “अब्बांना सांगू?” मी म्हणालो, “सांग. पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आधी दुसऱ्या वर्षाचे पुस्तक उघड.”

त्याने सांगितले, ते मला नंतर कळले. अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी इतकेच विचारले की, पुन्हा शिकायला किती दिवस लागतील? सहा महिने, मुलाने सांगितले. अब्बा म्हणाले, “मग रोज रात्री मला थोडे थोडे समजावून सांगत जा.” आता इशानंतर त्यांच्या घरात रोज हा वर्ग भरतो. रिक्षा चालविणारा बाप श्रोता आहे आणि मुलगा कोऱ्या कागदावर आकृती काढून समजावीत आहे. अजून नोकरी मिळालेली नाही. पण मागच्या जुम्याला तो भेटला, तेव्हा त्याची मान ताठ होती.

तरुण मित्रांनो! विद्यापीठाचा निकाल लागेल, त्याआधी आपला निकाल आपण लावावा. आणि जो अंतिम निकाल आहे, त्याआधी तर अवश्य लावावा. दिव्य कुरआनात प्रेषितांना (स.) ज्ञानात वाढ मागण्याची दुआ शिकविली गेली आहे. प्रेषित (स.) स्वतः लाभ न देणाऱ्या ज्ञानापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. या दोन्ही दुआ एकत्र मागू या.

हे अल्लाह! आमच्या मुला-मुलींना असे ज्ञान दे, जे त्यांच्या हृदयात उतरेल, त्यांच्या हातून लोकांच्या कामी येईल आणि ज्या दिवशी प्रत्येकाला आपली पुस्तिका स्वतः वाचावी लागेल, त्या दिवशी त्यांच्या बाजूने साक्ष देईल. आमीन.